मोटारीतल्या शेगडीत ओवा

खरं म्हणजे ही गोष्ट मी कुणाला सांगायची नाही असं ठरलं आहे. आप्पांनी मला देवासमोर उभं करून तसं कबूल करून घेतलं. पण तुम्ही काही धारचे नाही, आणि सरदारसाहेबांच्या ओळखीचे तर मुळीच नाही. शिवाय पोटात ठेवून ठेवून मला आता अपचन व्हायची वेळ आली आहे. तेव्हा चहा घ्या, जरा जवळ सरका आणि ऐका. हसलात तरी चालेल. देवासचे लोक अजून हसताहेत.

आधी तुम्हाला माझ्या ताईच्या शिंकेबद्दल सांगायला हवं.

ताई दिसायला चांगली, हाताला चव आहे, गळाही गोड. पण थंड वारा लागला की तिच्या नाकाचा शेंडा लाल होतो आणि मग ती शिंकते. साधी शिंक नव्हे हो! समोरच्या देवळाच्या कळसावरची कबुतरं उडतात. गेल्या हिवाळ्यात इंदूरचं एक स्थळ आलं होतं. सगळं जमत आलं. मुलाच्या मामांनी सुपारी हातात घेतली, "मग आमच्याकडून मुलगी पसं—" इथपर्यंत आले, आणि ताई शिंकली.

झालं! मामांनी सुपारी तबकात ठेवली, पगडी उचलली आणि चालू लागले. बोलता बोलता शिंक झाली म्हणजे ते बोलणं पुरं करायचं नाही. त्या दिवशी आईने चूल पेटवली नाही आणि ताईने नाक सोडून काही पुसलं नाही.

म्हणून यंदा देवासचं स्थळ आलं तेव्हा आमच्या घरी एकच काळजी होती. मुलगा शाळेत शास्त्र शिकवतो, निर्व्यसनी, घर चांगलं. पण घरात सत्ता त्याच्या आत्याबाईंची. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून मुलगी देवासला नेऊन दाखवायची. आणि ह्या आत्याबाई शिंकेच्या बाबतीत इतक्या कडक, की कुणी शिंकलं तर दूध उतू जाताना दिसत असूनही पातेलं उतरवत नाहीत म्हणे!

महिना मार्गशीर्ष. माळव्यातली थंडी. धारहून देवास म्हणजे इंदूर ओलांडून पलीकडे. ताई शिंकल्याशिवाय पोहोचणार कशी?

तेव्हा आप्पांना सरदारसाहेबांची मोटार आठवली.

आप्पा सरदारसाहेबांचे खाजगी कारकून. सरदारसाहेबांनी महूच्या छावणीतल्या एका गोऱ्या साहेबाकडून जुनी मोटार घेतली होती. तिच्यात एक नवल होतं. पुढच्या बैठकीच्या पाठीला, मागे बसणाऱ्यांच्या पायांशी, एक काळी पेटी होती. तिला पुढे छोट्या छोट्या झडपा, आत एक पंखा. पुढे चालवणाऱ्यापाशी तिचं बटण होतं, ते फिरवलं की इंजिनाची ऊब त्या पंख्याने आपल्या अंगावर यायची. साहेब तिला हीटर म्हणायचा. आम्ही शेगडी म्हणायचो. शेगडीच ती, फक्त निखारे नाहीत!

आप्पांनी मान खाली घालून मोटार मागितली आणि सरदारसाहेबांनी दिली. निघायच्या आधी आप्पांनी आम्हा सगळ्यांना अंगणात उभं केलं.

"गाडी दुसऱ्याची आहे. कशालाही हात लावायचा नाही. वेणू, तुला विशेष सांगतो."

मला विशेष का? मी तर घरातली सगळ्यात गरीब! पाहुणे आले की मी दाराआड जाते. शाळेत बाईंनी नाव विचारलं तरी माझा घसा कोरडा पडतो. मी फक्त बघते. आता बघता बघता हात पुढे जातो, त्याला मी काय करू?

तर आम्ही निघालो. पुढे बद्री भिया मोटार चालवायला आणि शेजारी आप्पा. मागे पडदे लावून आई, ताई आणि मी. माझ्याकडे एक कामगिरी होती. आईने ओव्याची पुरचुंडी करून दिली होती, आप्पांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात भाजलेला ओवा, वर लांब दोरी. ती मी अधूनमधून ताईच्या नाकाशी धरायची. सर्दीला ओव्यासारखं औषध नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

शेगडी सुरू होती. पाय कसे छान शेकत होते! ताईचं नाक पांढरं स्वच्छ. आई डोळे मिटून जपमाळ ओढत होती.

पण पुरचुंडी गार झाली. गार ओव्याचा काय उपयोग? घरी आपण ती तव्यावर ठेवतो. इथे तवा कुठला? मी इकडे तिकडे पाहिलं. आणि मला शेगडीच्या झडपा दिसल्या.

आता तुम्हीच सांगा, ह्यात माझं काय चुकलं? आत ऊब, आत वारा. पुरचुंडी आत ठेवली की ओवा आपोआप गरम होणार आणि त्याचा वास आपोआप ताईच्या नाकात जाणार. धरून बसायलाही नको! मला वाटलं, हे साहेबाला कसं सुचलं नाही?

आई जपात होती, ताई झोपेला आली होती. मी एक झडप हळूच उघडली आणि पुरचुंडी आत सरकवली.

अहाहा! काय दरवळ सुटला! आप्पासुद्धा पुढून म्हणाले, "कुठेतरी भजी तळताहेत वाटतं." मला इतका अभिमान वाटला की सांगू नका.

तेवढ्यात आतून आवाज आला. खर्रर्र... फट्... खट्ट!

आणि सगळं गप्प. वास नाही, ऊब नाही. दोरी पंख्यात गेली होती, हे मला त्याच क्षणी कळलं. बोलायला मी तोंड उघडलंसुद्धा. पण पडद्याच्या फटीतून समोर आप्पांची मान दिसली, ती 'वेणू, तुला विशेष सांगतो' म्हणणारी मान, आणि माझं तोंड आपलं आपण मिटलं.

"बद्री, वारा थांबला का रे?" आप्पांनी विचारलं.

बद्री भियाने मोटार रस्त्याकडेला घेतली. बेटमा गावाच्या अलीकडे कुठेतरी, दोन्हीकडे हरभऱ्याची शेतं. त्याने बटण उजवीकडे फिरवलं, डावीकडे फिरवलं, दाबलं, ओढलं. मग इंजिनाचं झाकण उघडून असा काही गंभीरपणे पाहू लागला की जणू वैद्य नाडी बघतोय.

"कंई नी साब," तो म्हणाला, "इके ठंड लागी गी."

"शेगडीला थंडी? अरे, शेगडीला थंडी कशी लागेल?"

"क्यों नी लागे साब? वैद के घर में बीमारी नी होय कंई?"

आप्पांनी स्वतःच तपास सुरू केला. भोंगा वाजवून पाहिला. वाजला. दिवे लावून पाहिले. लागले. "म्हणजे वीज आहे," आप्पा म्हणाले, "मग हिला झालंय काय?"

"बात या है साब, गोरा साब इसे अंग्रेजी में बोलता था. आदत पड़ी गी इकी."

आप्पांनी त्याच्यावर डोळे वटारले. पण बद्री भिया पाणी आणायला विहिरीवर गेला, तेव्हा आप्पांनी आजूबाजूला कुणी नाही असं पाहिलं, शेगडीच्या बटणावर दोन टिचक्या मारल्या आणि हळूच म्हणाले, "स्टार्ट. प्लीज स्टार्ट."

मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. हे मात्र आप्पांना सांगू नका.

इकडे पडद्याआड वेगळंच संकट. दाराच्या फटींतून वारा आत घुसत होता आणि ताईच्या नाकाचा शेंडा गुलाबी व्हायला लागला होता. आईने तिला आपली शाल दिली. मग आप्पांचा गळपट्टा. मग बैठकीवरची घोंगडी. ताईचे फक्त डोळे दिसत होते.

"वेणू, पुरचुंडी दे."

मी पडद्याशी चाळा करत राहिले.

"अगं, ओव्याची पुरचुंडी! कुठे आहे?"

मी शेगडीकडे पाहिलं. मग आईकडे. मग स्वतःच्या रिकाम्या हातांकडे.

"हरवलीस? कार्टे, एवढीशी वस्तू सांभाळता येईना तुला?"

मी मान हलवली. ती हो म्हणायला हलवली की नाही म्हणायला, हे माझं मलाही कळलं नाही. आईने मात्र सोयीचा अर्थ घेतला आणि देवासच्या टेकडीवरच्या देवीला तिथूनच हात जोडले. "बये, माझ्या पोरीचं नाक सांभाळ. खणानारळाने ओटी भरीन तुझी."

पाहिलंत? माझ्या हुशारीने ताईची शेगडीही गेली आणि ओवाही गेला. दोन्ही एकाच ठिकाणी!

देवासला पोहोचेपर्यंत ताई वरच्या ओठावर बोट दाबून बसली होती. शिंक थोपवायचा आमच्या घरचा उपाय. मुलाकडच्यांनी स्वागत छान केलं. मुलाचे वडील हसतमुख. मुलगा, म्हणजे माझे होणारे भावोजी, खाली पाहत बसलेला. आणि मधोमध पाटावर मांडी न घालता खुर्चीवर बसलेल्या आत्याबाई. नजर अशी की समोरच्याने काल काय खाल्लं तेही दिसावं.

आईने घोंगडी, गळपट्टा, शाल असं एकेक उतरवलं, तेव्हा कुठे आतून ताई निघाली.

"मुलीला बरं नाही का?" आत्याबाईंनी विचारलं.

"छे छे, ठणठणीत आहे!" आप्पा घाईघाईने म्हणाले. "त्याचं काय झालं, मोटारीतली शेगडी वाटेत बंद पडली."

"मोटारीत शेगडी?" मुलाचे वडील ताठ झाले.

"विजेच्या पंख्याची?" मुलाने प्रथमच मान वर केली.

आणि मग काय विचारता! पोह्यांच्या बशा तशाच राहिल्या. मुलगी पाहायला जमलेले सगळे पुरुष उठून शेगडी पाहायला अंगणात. ताई बिचारी पाटावर बसलेली आणि तिला पाहायला समोर फक्त आत्याबाई आणि मांजर!

"आता मी एकटीने काय बघायचं? माझी खुर्ची घ्या बाहेर," आत्याबाई म्हणाल्या. खुर्ची बाहेर आली. तिच्यामागून आई, ताई आणि मीही.

मुलाने कोट काढला, बाह्या सारल्या आणि इंजिन बंद करायला लावून फक्त शेगडीचं बटण फिरवलं. मग पेटीला कान लावला.

"आतून गुं गुं आवाज येतोय," तो म्हणाला. "म्हणजे वीज पोहोचतेय, पंख्याला फिरायचं आहे. पण काहीतरी अडलंय."

मी आईच्या पदराआड सरकले.

"आत काही पडलं का वाटेत? मागे कोण बसलं होतं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेगडीच्या अगदी समोर माझीच जागा होती.

"तू पाहिलंस का काही?" त्याने मला अगदी प्रेमाने विचारलं.

मी गप्प.

"काही आवाज झाला होता का?"

मी गप्प.

"घाबरू नकोस. नाव काय तुझं?"

नावही येईना हो! माझं स्वतःचं नाव! मी नुसती त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

तेव्हा खुर्चीतून आत्याबाईंचा आवाज आला. "ही पोर आल्यापासून एक अक्षर बोललेली नाही. माझं लक्ष आहे."

"लाजाळू आहे ती," आई म्हणाली.

"लाजाळू माणूस निदान हो-नाही तर म्हणतो. हिला तर नावही सांगता येईना." आत्याबाई जरा पुढे झुकल्या. "बाई, राग मानू नका. पण लग्नाच्या गोष्टी आहेत, विचारलेलं बरं. धाकटी मुकी आहे का?"

"अहो नाही हो!"

"घराण्यात आणखी कुणी आहे असं? तुमच्या सासरी? माहेरी?"

आईचा चेहरा पांढरा पडला. आप्पांच्या तोंडून शब्द फुटेना. आणि आप्पाही बोलेनात म्हटल्यावर आत्याबाईंनी मुलाच्या वडिलांकडे असं काही पाहिलं, की बघा, हेही त्यातलेच!

ताईचं लग्न शिंकेमुळे मोडू नये म्हणून एवढा आटापिटा. आणि आता ते माझ्या गप्प बसण्याने मोडत होतं!

"बोलते हो ती, घरी पोपटासारखी बोलते," आई रडवेली झाली. "वेणू, बोल गं. काहीही बोल!"

"बोल बेटा," बद्री भिया म्हणाला.

"वेणू, बोल," आप्पा म्हणाले.

ताई काही म्हणाली नाही. तिचं बोट ओठावर होतं. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते थंडीचं नव्हतं, एवढं मला दिसत होतं.

मी ठरवलं. सरळ उभं राहायचं आणि स्वच्छ आवाजात सांगायचं, माझं नाव वेणू, मी धारला मुलींच्या शाळेत शिकते. बस्, एवढंच. मी मोठा श्वास घेतला, मुठी आवळल्या, डोळे मिटले आणि शाळेत कविता म्हणतात तशी ओरडले,

"ओव्याची पुरचुंडी मीच आत घातली!"

देवासला एकाच गावात दोन गाद्या आहेत, थोरली पाती आणि धाकटी पाती. माझं ते वाक्य दोन्हीकडे पोहोचलं म्हणतात.

मुलाने माझ्याकडे पाहिलं, शेगडीकडे पाहिलं, झडप उघडली आणि आत बोटं घालून दोरी ओढली. बटण चालूच होतं, हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. पुरचुंडी टरकन फाटली, पंखा सुटला आणि भुर्रर्र! भाजलेल्या ओव्याचा सगळा चुरा गरम वाऱ्याबरोबर जमलेल्या मंडळींच्या तोंडावर!

"बाप रे! मुकी नाही, आगाऊ आहे ही," आत्याबाई डोळे चोळत म्हणाल्या. "अशी धाकटी ज्या घरात आहे, तिथली मुलगी आपल्याला काही पसंत ना— ना— आक्छी!"

सगळे जागच्या जागी थिजले.

"आक्का," मुलाचे वडील हळूच म्हणाले, "शिंक झाली."

"मला कळतंय ते!"

"मग आता पुढचं बोलता येणार नाही."

"कुणी सांगितलं? मी म्हणत होते, मुलगी पसंत ना— आक्छी!"

"पुन्हा झाली! आक्का, नकाराच्या मध्ये शिंक झाली. आता नकार देणं म्हणजे सरळ अपशकुन. तुम्हीच आम्हाला शिकवलंत हे. तुमच्या शब्दाखातर आम्ही उतू जाणारं दूधसुद्धा बघत बसतो..." आणि मग त्यांनाही शिंक आली. आप्पांना आली. बद्री भियाला तर एवढी आली की त्याचा फेटा सुटला.

शिंकली नाही ती एक ताई! गरम ओव्याने तिचं नाक पार मोकळं झालं होतं. तिने ओठावरचं बोट काढलं आणि ती हसायला लागली. थांबेचना. मुलगा ओव्याने माखलेला, डोळ्यांतून पाणी गळत असलेला, तिच्याकडे बघतच राहिला. त्या दिवशी मुलगी खरी पाहिली गेली ती तेव्हा.

आत्याबाईंनी पदराने नाक पुसलं, सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली आणि म्हणाल्या, "सुपारी आणा. लवकर आणा, माझं नाक पुन्हा हुळहुळायला लागलंय."

तर असं ताईचं जमलं. लग्न वैशाखात, तेव्हा थंडीचं भय नाही. टेकडीवरच्या देवीची ओटी आईने त्याच दिवशी भरून टाकली.

बाकी सगळं गोड झालं. फक्त सरदारसाहेबांना ह्यातलं काही कळता कामा नये. शेगडी चालते आहे, पण आतल्या सांदीकोपऱ्यांतला ओवा काही निघाला नाही. मोटार तापली की सरदारसाहेबांना भूक लागते आणि का ते त्यांना समजत नाही. आज सकाळी ते आप्पांकडे स्वतः आले आहेत. ओसरीवर बसून विचारताहेत, त्या दिवशी मागे कोण बसलं होतं? आप्पा मघापासून नुसते खोकताहेत.

मला आप्पांनी कालच बजावलं आहे, विचारलंच तर नुसतं नाव सांगायचं आणि आत यायचं. पण माझी पंचाईत तुम्हाला म्हणून सांगते. देवासपासून माझ्या घशाला काय झालंय कुणास ठाऊक. परवा शाळेत नव्या बाईंनी सगळ्या वर्गासमोर मला नाव विचारलं, मी उभी राहिले, मुठी आवळल्या, डोळे मिटले आणि...

"वेणू! बाहेर ये बरं. सरदारसाहेबांना तुझं नाव विचारायचंय."

आले, आप्पा! अहो, आता काय करू? मी तोंड उघडलं रे उघडलं की बाहेर पडतं ते एकच, ओव्याची